अल्प उत्पन्न गटातील गरोदर स्त्रियांमध्ये प्रसूतिपूर्व काळजीची जागृती: कामाची टप्प्याटप्प्याने आखणी

‘गरोदरपणात वेळच्या वेळी तपासणी करून घ्या’ हे वाक्य बहुतेक स्त्रियांनी कुठे ना कुठे ऐकलेले किंवा वाचलेले असते. तरीही पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी न करणाऱ्या, एकदा येऊन पुन्हा न फिरकणाऱ्या आणि लोहाच्या गोळ्या घरी तशाच ठेवणाऱ्या स्त्रियांची संख्या गरीब वस्त्यांमध्ये मोठी असते. यावरून त्या अडाणी किंवा बेफिकीर आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. तपासणीला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, मोठ्या मुलाला कोणाकडे तरी सोपवायचे, घरातून परवानगी मिळवायची, रांगेत तासन्‌तास उभे राहायचे आणि शेवटी ‘इतक्या उशिरा का आलीस?’ असे बोलणेही ऐकून घ्यायचे. एवढे सगळे करून आपल्या हाती नेमके काय लागणार, हे मात्र तिला कोणी समजावून सांगितलेले नसते. म्हणून जागृतीचे काम माहितीपत्रके छापून सुरू करू नये. ते तिच्या अडचणींपासून सुरू करावे आणि तिथून माहितीपर्यंत यावे.

या कामाची निकड किती आहे हे एका आकड्यावरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपण आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी दगावल्या. त्यांपैकी दहातील नऊपेक्षा अधिक मृत्यू अल्प आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि जंतुसंसर्ग ही त्यांतील प्रमुख कारणे असून वेळेवर लक्षात आल्यास ती बहुतांशी आटोक्यात आणता येतात.

पहिला टप्पा: आधी ऐकणे

काम सुरू करण्यापूर्वी तीन प्रकारच्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे: गेल्या वर्षभरात नियमित तपासण्या करून प्रसूत झालेल्या, एक-दोनदा येऊन थांबलेल्या आणि एकदाही न आलेल्या. या तिघींची कारणे सहसा वेगवेगळी असतात आणि त्यांना एकाच बैठकीत बसवले, तर न आलेली स्त्री गप्प राहते. ‘तुम्हाला तपासणीचे महत्त्व माहीत आहे का?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘पाळी चुकल्याचे लक्षात आले त्या दिवसापासून पुढे काय काय झाले ते सांगा’ असे म्हणावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. सगळ्यात आधी कोणाला सांगितले, किती दिवस कोणालाच सांगितले नाही, दवाखान्यात जायचे कोणी ठरवले, कोणत्या गोष्टीमुळे जाणे लांबले, हे सारे त्या ओघात आपोआप बाहेर येते.

यानंतर एकदा वस्तीतून दवाखान्यापर्यंत स्वतः जाऊन पाहावे. जाण्याची वेळ तिची असावी, साधन तिचे असावे आणि रांगही तिचीच असावी. नोंदणीची खिडकी किती वाजता बंद होते, कोणती कागदपत्रे मागितली जातात, रक्त आणि लघवी तपासायला दुसरीकडे पाठवतात का, बसायला जागा आणि जायला स्वच्छतागृह आहे का, हे लिहून ठेवावे. नोंदणी दुपारपर्यंतच होत असेल आणि वस्तीतील बहुतेक स्त्रियांचे काम दुपारी सुटत असेल, तर कितीही प्रभावी भाषण केले तरी उपस्थिती वाढणार नाही.

गोळा झालेली कारणे लावून पाहण्यासाठी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेली ‘तीन विलंबां’ची चौकट अजूनही उपयोगी आहे. उपचार घेण्याचा निर्णय होण्यास लागणारा विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास लागणारा विलंब, असे हे तीन भाग आहेत. ही चौकट मुळात बाळंतपणातील तातडीच्या प्रसंगांसाठी तयार झाली असली, तरी नेहमीच्या तपासण्यांनाही ती लागू पडते. जागृतीने पहिला विलंब बराच कमी होतो, दुसरा थोडाफार कमी होतो आणि तिसरा जवळजवळ मुळीच कमी होत नाही. हे आधीच ओळखले तर कोणत्या अडचणीसाठी स्त्रियांशी बोलायचे आणि कोणत्या अडचणीसाठी दवाखान्याशी बोलायचे, याची वाटणी नीट करता येते.

दुसरा टप्पा: सांगायचे थोडे, पण कारणासह

गरोदरपणाविषयी सांगण्यासारखे शंभर मुद्दे आहेत. ते सगळे एका बैठकीत सांगितले तर घरी पोहोचेपर्यंत त्यातला एकही लक्षात राहत नाही. माझ्या मते पाच गोष्टी पुरेशा आहेत: लवकर नोंदणी, ठरलेल्या तपासण्या, गोळ्या, धोक्याची लक्षणे आणि बाळंतपणाची पूर्वतयारी. प्रत्येक गोष्टीमागचे कारणही सांगावे, कारण कारण समजले की ती घरातल्यांना पटवून देऊ शकते.

लवकर नोंदणी म्हणजे बारा आठवड्यांच्या आत. या पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, रक्तदाब, एचआयव्ही आणि सिफिलिस यांच्या तपासण्या होतात. सिफिलिस आईला जाणवला नाही, तरी तो बाळापर्यंत पोहोचून गर्भपात किंवा मृत बाळाचा जन्म घडवू शकतो. वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने तो बराही होतो. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नलिकेपासून तयार होतात ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. फॉलिक ॲसिडची दररोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी शक्यतो गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावी असे सांगतात ते यासाठीच. म्हणून केवळ गरोदर स्त्रियांना बोलावून हे काम पुरे होत नाही. नुकतेच लग्न झालेल्या आणि दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या स्त्रियाही बैठकीत असायला हव्यात.

तपासण्या किती, हा प्रश्न हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पूर्वीच्या किमान चार भेटींऐवजी आठ भेटींची शिफारस केली: पहिली १२ आठवड्यांपर्यंत आणि त्यानंतर २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यांत. चोविसाव्या आठवड्यापूर्वी एक सोनोग्राफी व्हावी, असेही त्यात म्हटले आहे. आपल्या भागातील वेळापत्रक वेगळे असल्यास तेच सांगावे, कारण दवाखाना एक सांगतो आणि बैठकीत दुसरे सांगितले जाते, अशी अवस्था झाली तर दोघांवरचाही विश्वास उडतो. आठपैकी पाच भेटी शेवटच्या तीन महिन्यांत का ठेवल्या आहेत, हे मात्र आवर्जून समजावून द्यावे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढण्याचा धोका असतो आणि १४०/९० किंवा त्याहून अधिक झालेला रक्तदाब अनेकदा अंगाला मुळीच जाणवत नाही. ‘मला काही त्रास नाही, मग कशाला जाऊ?’ या प्रश्नाचे उत्तर नेमके हेच आहे. तिला जे जाणवत नाही ते शोधण्यासाठीच ही तपासणी असते.

गोळ्यांच्या बाबतीत थोडे जास्त थांबावे, कारण गोळ्या मिळतात पण घेतल्या जात नाहीत, हे सगळीकडचे दुखणे आहे. ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड रोज घेण्याची शिफारस आहे. गरोदरपणाच्या पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो आणि अशा स्त्रीला बाळंतपणातील रक्तस्राव सोसणे कठीण जाते. हे सांगून झाल्यावर गोळीचे त्रासही स्वतःहून सांगावेत. शौचाला काळी होते, कधी बद्धकोष्ठता होते, मळमळते. आधी सांगितले नसेल तर काळी शौच पाहून ती घाबरते आणि गोळी बंद करते. आधीच सांगितलेले असेल तर ‘ताई म्हणाल्या होत्या तसेच होते आहे’ म्हणून पुढे घेत राहते. मळमळ होत असल्यास रात्री जेवणानंतर घ्यावी, चहा-कॉफीसोबत घेऊ नये आणि कॅल्शियमची गोळी चालू असल्यास दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. या गोळीने बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते, अशी समजूत अनेक समाजांत आढळते. तिची टिंगल न करता, गोळी बाळाला फुगवत नसून आईचे रक्त भरून काढते, एवढे शांतपणे सांगावे.

धोक्याची लक्षणे एकदम पाठ करायला लावू नयेत. पहिल्या भेटीत अंगावरून रक्त जाणे, पोटात तीव्र दुखणे आणि पोटात पाण्याचा घोटही न ठरणारी उलटी, एवढीच तीन सांगावीत. पाचव्या महिन्यानंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अंधुक दिसणे, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज, झटके, जोराचा ताप, श्वास लागणे, कळांशिवाय पाणी जाणे आणि बाळाची हालचाल मंदावणे ही लक्षणे दोन-तीन भेटींत विभागून द्यावीत. यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जायचे असते, हे प्रत्येक वेळी पुन्हा सांगावे. लक्षणांना वस्तीतील स्त्रिया जे शब्द वापरतात तेच आपणही वापरावेत.

पूर्वतयारीत बाळंतपणाचे ठिकाण, वाहन, थोडे बाजूला ठेवलेले पैसे, सोबत येणारी व्यक्ती, गरज पडल्यास रक्त देऊ शकणारा माणूस आणि मोठ्या मुलांना सांभाळणारे घर या सहा गोष्टी सातव्या महिन्यापर्यंत ठरलेल्या असाव्यात. केवळ ‘ठरवून ठेवा’ म्हणून सोडू नये. वाहनवाल्याचा फोन नंबर तपासणी कार्डाच्या मागच्या बाजूला लिहूनच घ्यावा.

तिसरा टप्पा: सांगणारी व्यक्ती निवडणे

अलीकडेच आई झालेली, त्याच वस्तीत राहणारी आणि तीच भाषा बोलणारी स्त्री ही या कामासाठी सर्वांत योग्य व्यक्ती असते. तिचे शिक्षण किती, यापेक्षा लोक तिच्याकडे मोकळेपणाने बोलतात का, हे महत्त्वाचे आहे. तिच्या वेळेचे मानधन द्यावे. गरीब स्त्रीकडून सेवाभावाच्या नावाखाली फुकट काम करून घेणे अन्यायाचे आहे आणि असे काम फार दिवस टिकतही नाही. तिच्या प्रशिक्षणात मर्यादाही स्पष्ट कराव्यात: तिने निदान करायचे नाही, औषध सुचवायचे नाही, लक्षण ओळखून वेळेवर पाठवायचे आणि शक्य असल्यास सोबत जायचे.

अनेक घरांत निर्णय नवरा किंवा सासू घेते. त्यांना वगळून काम होत नाही, पण त्यांना सामील करण्याआधी त्या स्त्रीची संमती घेतलीच पाहिजे. घरात मारहाण होत असेल, गरोदरपण अजून सांगितलेले नसेल किंवा मुलगी अविवाहित असेल, तर आपल्या एका निरोपाने तिच्यावर संकट ओढवू शकते. पुरुषांसाठी स्वतंत्र, छोटी बैठक घ्यावी आणि तिचा भर धोक्याची लक्षणे, वाहन आणि पैशांच्या तयारीवर ठेवावा. काय करायचे हे नेमके सांगितले की पुरुषही जबाबदारी उचलतात.

चौथा टप्पा: बैठक कशी चालवावी

बैठकींच्या परिणामाविषयी भक्कम पुरावा उपलब्ध आहे. नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या गटांच्या दरमहा बैठका घेण्यात आल्या. बैठक चालवणारी स्त्री स्थानिक होती. ती डॉक्टर किंवा परिचारिका नव्हती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, गट असलेल्या भागांत नवजात बालकांचे मृत्यू इतर भागांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पुढे बांगलादेश, भारत, मलावी आणि नेपाळमधील अशा सात अभ्यासांचे निष्कर्ष २०१३ मध्ये एकत्र तपासले गेले. जिथे गरोदर स्त्रियांपैकी किमान ३० टक्के गटात सामील होत्या, तिथे नवजातांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि मातांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटलेले दिसले. एखाद-दुसरी मोठी सभा घेऊन हा परिणाम साधत नाही. वस्तीतील पुरेशा गरोदर स्त्रिया पुन्हा पुन्हा येत राहिल्या, तरच तो दिसतो.

या गटांमध्ये व्याख्यान दिले जात नव्हते. स्त्रिया आधी आपल्या अडचणी मांडत, त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या कोणत्या हे मिळून ठरवत, त्यावर आपल्या आवाक्यातील उपाय शोधत, ते करून पाहत आणि काही महिन्यांनी काय साधले याचा आढावा घेत. आपल्या बैठकीतही हाच क्रम ठेवावा. आठ ते बारा जणी, कामानंतरची वेळ, पायी येण्याजोगी जागा, मुलांना सोबत आणण्याची मुभा आणि तासाभराची मर्यादा, एवढे सांभाळले की उपस्थिती टिकते. सुरुवात एका गोष्टीने करता येते: सात महिन्यांची गरोदर स्त्री दोन दिवस डोके दुखते म्हणते, घरचे झोप म्हणतात, तिसऱ्या दिवशी तिला झटके येतात. मग ‘असे का झाले?’ असे विचारावे. उत्तर आले की त्यावर पुन्हा ‘आणि ते का झाले?’ असे विचारत जावे. ‘डोकेदुखी साधी वाटली’ इथून सुरू झालेली चर्चा ‘रात्री गाडी कोणाकडे मागायची हे ठाऊक नव्हते’ इथपर्यंत पोहोचते आणि गाडीचा प्रश्न सोडवणे गटाच्या हातात असते.

चित्रे वापरणार असाल तर ती छापण्यापूर्वी चार-पाच स्त्रियांना दाखवून ‘यात काय दिसते?’ असे विचारावे. ज्या चित्राचा अर्थ आपल्याला सांगावा लागतो ते बदलावे.

मोबाइलचा उपयोग होतो, पण बैठकीला पर्याय म्हणून नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य विभागाने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘मॉमकनेक्ट’ सेवेत गरोदरपणाच्या आठवड्यानुसार संदेश पाठवले जातात, आणि आठवड्यानुसार संदेश ही कल्पना छोट्या संस्थेलाही राबवता येते. वाचता न येणाऱ्या स्त्रीसाठी आवाजातील निरोप द्यावा. फोन नवऱ्याचा किंवा सामाईक आहे का, कोणत्या वेळी निरोप पाठवलेला चालेल, हे आधी विचारून घ्यावे.

पाचवा टप्पा: समजले की नाही, हे तपासणे

एकेकीशी बोलताना शेवटी ‘समजले का?’ असे विचारून काही हाती लागत नाही. तिने ऐकलेले तिच्या शब्दांत परत सांगावे, अशी संधी द्यावी, आणि तीही परीक्षा घेतल्यासारखी वाटू नये.

‘ताई, मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे. घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारले की या गोळ्या कशाला, तर तुम्ही काय सांगाल?’

‘रक्त वाढायला आहेत म्हणून सांगीन. रोज एक. सकाळी चहाबरोबर.’

‘रोज एक, अगदी बरोबर. चहाचे मात्र माझ्याकडून नीट सांगायचे राहिले. चहाबरोबर घेतली तर गोळीतले लोह अंगाला कमी लागते. मग कधी घ्याल?’

‘रात्री जेवल्यावर घेते.’

या संवादाला एक मिनिटही लागत नाही, पण तो झाला नसता तर तिने महिनाभर गोळी चहाबरोबरच घेतली असती. चूक निघाली तर ती सांगणाऱ्याने आपल्याकडे घ्यावी. तिला ओशाळे वाटले तर पुढच्या वेळी ती बोलणार नाही.

सहावा टप्पा: दवाखान्याला तयार करणे

स्त्रियांना पाठवण्याआधी दवाखान्याशी बोलणे झालेले असावे. आठवड्यातून एक दिवस उशिरापर्यंत नोंदणी, पहिल्यांदा येणाऱ्या स्त्रीसोबत वस्तीतील एकीला आत येऊ देणे आणि तपासणीचा निष्कर्ष तोंडी समजावून सांगणे, या तीन मागण्या खर्चिक नाहीत. उशिरा आलेल्या स्त्रीला रागावू नये, ही चौथी मागणी आग्रहाने मांडावी. एकीचा अपमान झाला की ती बातमी संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीत पोहोचते आणि पुढे महिनोन्‌महिने कोणी तिकडे पाऊल टाकत नाही. ‘उशीर झाला तरी आलात हे बरे केलेत’ एवढे एक वाक्य परिचारिकेने म्हटले, तरी चित्र बदलते. जी सेवा तिथे उपलब्ध नाही किंवा जी गोळी शिल्लक नाही, तिचा प्रचार आपण करू नये.

सातवा टप्पा: नोंद आणि पाठपुरावा

किती पत्रके वाटली आणि किती सभा घेतल्या, हे मोजून स्त्रियांच्या आयुष्यात काय बदलले ते कळत नाही. साध्या वहीत प्रत्येक स्त्रीच्या शेवटच्या पाळीची तारीख, नोंदणीचा आठवडा, झालेल्या आणि चुकलेल्या भेटी, मागील भेटीपासून घेतलेल्या गोळ्या आणि तिला न अडखळता सांगता आलेली धोक्याची लक्षणे लिहावीत. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झालेल्यांचे प्रमाण आणि पहिल्या भेटीनंतर दुसऱ्या भेटीला परतलेल्यांचे प्रमाण, हे दोन आकडे दर तीन महिन्यांनी पाहावेत. पहिला वाढत असेल आणि दुसरा जागेवरच असेल, तर बहुधा दोष दवाखान्यातील अनुभवात आहे, आपल्या सांगण्यात नाही. भेट चुकली की आठवड्याच्या आत घरी जाऊन कारण विचारावे, आणि ते जाब विचारल्यासारखे नसावे. वही कुलपात ठेवावी; विशेषतः एचआयव्ही किंवा सिफिलिसच्या तपासणीचे निष्कर्ष तिच्यात मुळीच लिहू नयेत.

यादीत कोण नाही, हेही अधूनमधून पाहावे. कामासाठी काही महिन्यांपुरती आलेली कुटुंबे, अपंग स्त्रिया, किशोरवयीन मुली आणि वेगळी भाषा बोलणारी घरे बहुतेक वेळा सुटतात. स्थलांतर करणाऱ्या स्त्रीला तपासणी कार्ड जवळ ठेवण्यास आणि त्याचा फोटो फोनमध्ये काढून घेण्यास सांगावे, म्हणजे पुढच्या गावी सगळे पहिल्यापासून करावे लागत नाही.

याच वहीशी जोडलेले एक काम अतिशय काळजीने करायचे असते. गर्भपात झाला किंवा बाळ दगावले, तर त्याच दिवशी त्या स्त्रीचे नाव संदेशांच्या आणि बैठकींच्या यादीतून काढावे. ‘तुमचे बाळ आता इतके मोठे झाले’ असा निरोप तिच्यापर्यंत जाता कामा नये. यादीतून नाव काढले म्हणजे तिच्याशी संबंध संपला, असे मात्र नाही. वस्तीतील ओळखीच्या स्त्रीने काही दिवसांत तिला भेटावे, रक्तस्राव, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव नाही ना याची विचारपूस करावी आणि तिच्या नावाची पुढची तपासणी ठरवून तिच्यासोबत दवाखान्यात जावे.